पहिले महायुद्ध अभ्यासायला घेताना: कारणे आणि घटनाक्रम कसा लावावा

पहिल्या महायुद्धाचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. सारायेवोतला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून वाचून होतो आणि पुढच्या चार-पाच पानांत अर्धा युरोप एकमेकांवर तुटून पडलेला असतो. मधल्या काळात नेमके काय घडले, हे काही केल्या उलगडत नाही. मग सैन्यवाद, गटबाजी, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद अशी चार कारणे पाठ करून विषय मिटवला जातो. मी हा विषय कोणाच्याही शिकवणीशिवाय, सवडीने अभ्यासला. ज्या क्रमाने तो मला उलगडत गेला तोच क्रम इथे देत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्हाला शेवट माहीत आहे, पण १९१४ मधल्या माणसांना तो माहीत नव्हता. प्रत्येक पायरीवर ‘त्या दिवशी, त्या माणसाला काय ठाऊक होते?’ हा प्रश्न विचारलात, तर या विषयातला निम्मा गोंधळ निस्तरतो.

जवळ काय काय हवे

- युरोपचे दोन राजकीय नकाशे, एक १९१४ चा आणि एक १९२३ नंतरचा. नद्या, डोंगर आणि रेल्वेमार्ग दाखवणारा तिसरा मिळाला तर फार उत्तम.
- आडवी, रुंद पानांची वही किंवा संगणकावरची स्प्रेडशीट.
- गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेला, एका खंडातला संपूर्ण युद्धाचा इतिहास. सुरुवातीला एकच पुरे. एकदम पाच पुस्तके घेऊन बसू नका.
- मूळ कागदपत्रांसाठी येल विद्यापीठाच्या ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’मधला पहिल्या महायुद्धाचा विभाग, आणि संदर्भासाठी ‘१९१४-१९१८ ऑनलाइन’ हा विश्वकोश. दोन्ही विनामूल्य वाचता येतात.
- माणसांची यादी: नाव, देश आणि जुलै १९१४ मधले पद. ही स्वतः करा. आयती यादी डोक्यात राहत नाही.

## १. आधी नकाशा, मग घटना

१९१४ च्या नकाशावर पोलंड नावाचा देश नाही. तो प्रदेश जर्मनी, रशिया आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात वाटला गेला आहे. आजचे झेकिया, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि बोस्निया व्हिएन्ना किंवा बुडापेस्टच्या, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या, अमलाखाली आहेत. हा नकाशा डोळ्यांसमोर नसेल, तर बोस्नियातल्या सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला बोस्नियातच का मारले, हे समजत नाही.

नकाशावर चार गोष्टी स्वतःच्या हाताने रंगवा. पहिली, फ्रान्स आणि रशिया यांच्या मधोमध बसलेला जर्मनी. दुसरी, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर क्षेत्रफळाने जवळजवळ दुप्पट झालेला सर्बिया. तिसरी, काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे नेणाऱ्या बॉस्फरस आणि दार्दानेल्सच्या सामुद्रधुन्या, ज्यांतून रशियाच्या धान्याची मोठी निर्यात होत असे. चौथी, बेल्जियम, ज्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन तहाने बड्या सत्तांनी दिली होती. त्या हमीदारांत प्रशियाही होता, म्हणजे पुढे ज्याच्याभोवती जर्मनी उभा राहिला ते राज्य.

फसगत कुठे होते: गावांची नावे. लेम्बर्ग म्हणजे आजचे ल्विव्ह, डान्झिग म्हणजे ग्दान्स्क, कॉन्स्टँटिनोपल म्हणजे इस्तंबूल. सेंट पीटर्सबर्गचे नाव तर युद्ध सुरू झाल्यावर लगेच पेट्रोग्राड झाले. वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या-नव्या नावांची जोडी लिहीत चला.

## २. ‘का’ या प्रश्नाचे तुकडे करा

ती चार कारणे खोटी नाहीत. पण त्यांना एक साधी कसोटी लावून बघा. सैन्यवाद, गट, वसाहतींची स्पर्धा आणि राष्ट्रवाद १९०५ मध्ये होते, १९०८ मध्ये होते, १९११ आणि १९१२ मध्येही होते. या प्रत्येक वेळी युरोपात गंभीर पेच उभा राहिला आणि प्रत्येक वेळी बड्या सत्तांमधले युद्ध टळले. जी कारणे सतत हजर होती, ती एकटीच १९१४ चा ऑगस्ट समजावून सांगू शकत नाहीत.

म्हणून तीन वेगळे प्रश्न करा. असे युद्ध शक्य कशामुळे झाले? आधीचे पेच का निवळले? आणि १९१४ चा पेच का निवळला नाही?

दुसऱ्या प्रश्नावर भरपूर वेळ द्या, कारण तिसऱ्याचे धागे तिथेच सापडतात. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया-हर्झेगोव्हिना अधिकृतपणे खालसा केले. जपानशी झालेल्या युद्धातून रशिया अजून सावरला नव्हता, त्यामुळे १९०९ च्या मार्चमध्ये जर्मनीच्या दबावापुढे त्याला मान तुकवावी लागली. तो अपमान पीटर्सबर्गमध्ये कोणी विसरले नाही. १९११ मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनीत तणाव वाढला. त्याच वर्षी इटलीने ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या ताब्यातल्या लिबियावर हल्ला केला. ऑटोमन सत्ता अडचणीत आहे हे पाहून १९१२ मध्ये बाल्कन राज्ये तिच्यावर तुटून पडली. त्यातून सर्बिया वाढला आणि व्हिएन्नाची झोप उडाली. साखळीतली प्रत्येक कडी पुढचीला ओढत गेली, तरीही दर वेळी कोणीतरी माघार घेतली. १९१४ मध्ये ‘आता पुन्हा माघार नाही’ असे एकाच वेळी अनेक राजधान्यांना वाटत होते.

त्यात भीतीची भर होती. रशियाचा सैन्यविस्ताराचा मोठा कार्यक्रम १९१७ च्या सुमारास पुरा व्हायचा होता. जर्मन सेनापतींच्या हिशोबात त्यानंतरचे प्रत्येक वर्ष आपल्याला अधिक वाईट जाणार होते.

फसगत कुठे होते: ‘करारांमुळे सगळे आपोआप ओढले गेले’ हे वाक्य. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या त्रिराष्ट्र करारात होता आणि रुमानियाचाही त्यांच्याशी गुप्त करार होता. तरी १९१४ मध्ये दोघेही तटस्थ राहिले आणि पुढे इटली १९१५ मध्ये, रुमानिया १९१६ मध्ये विरुद्ध बाजूने लढायला उतरले. उलट, फ्रान्सच्या बाजूने लढलेच पाहिजे असे ब्रिटनला बांधणारा कोणताही तह नव्हता. करारांनी वाटा आखून दिल्या. त्यांवरून चालायचे की नाही, हे त्या त्या मंत्रिमंडळाने ठरवले.

## ३. जुलै १९१४ तारखेनुसार मांडा

संपूर्ण अभ्यासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. इथे घाई करू नका.

वहीचे पान आडवे धरून सहा राजधान्यांचे सहा रकाने आखा: व्हिएन्ना (ऑस्ट्रिया-हंगेरी), बर्लिन (जर्मनी), सेंट पीटर्सबर्ग (रशिया), पॅरिस, लंडन, बेलग्रेड (सर्बिया). डावीकडे वरून खाली तारखा लिहा, २८ जून ते ४ ऑगस्ट. आता वाचत जाल तसे रकाने भरा. सांगाडा असा:

- २८ जून: सारायेवोत गाव्रिलो प्रिन्सिपने युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या.
- ५-६ जुलै: बर्लिनने व्हिएन्नाला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन दिले. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात.
- २३ जुलै, संध्याकाळी ६: ऑस्ट्रिया-हंगेरीचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता. मुदत ४८ तास.
- २५ जुलै: सर्बियाचे उत्तर. बहुतेक मागण्यांवर नमते घेतले, पण ऑस्ट्रियाचे अधिकारी आपल्या भूमीवरच्या न्यायालयीन चौकशीत बसवायला नकार दिला.
- २८ जुलै: ऑस्ट्रिया-हंगेरीची सर्बियाविरुद्ध युद्धघोषणा.
- ३० जुलै: रशियात सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम.
- १ ऑगस्ट: जर्मनीची रशियाविरुद्ध युद्धघोषणा.
- ३ ऑगस्ट: जर्मनीची फ्रान्सविरुद्ध युद्धघोषणा.
- ४ ऑगस्ट: जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. ब्रिटन युद्धात उतरले.

हा सांगाडा भरला की रिकाम्या चौकटींकडे लक्ष द्या. खून २८ जूनला आणि खलिता २३ जुलैला, मधे जवळजवळ चार आठवडे. एवढा वेळ व्हिएन्ना काय करत होते? तिथे हंगेरीचे पंतप्रधान टिसा युद्धाला तयार नव्हते आणि त्यांचे मन वळवण्यात जुलैचा मध्य उजाडला. शिवाय फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे आणि पंतप्रधान व्हिव्हियानी २० ते २३ जुलै रशियाच्या भेटीवर होते. खलिता मुद्दाम ते जहाजात बसून निघाल्यावर दिला गेला, म्हणजे फ्रान्स आणि रशियाच्या नेत्यांना समोरासमोर बसून उत्तर ठरवता येऊ नये. पॅरिसच्या रकान्यात त्या आठवड्यात मोठी पोकळी दिसते, तिचे कारण हे. उरलेले पॅरिस एका माजी पंतप्रधानांच्या पत्नीवरच्या खुनाच्या खटल्यात गुंतलेले होते. लंडनचे मंत्रिमंडळ २४ जुलैला आयर्लंडच्या प्रश्नावर चर्चा करत असताना परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी खलित्याची बातमी सांगितली.

आता दुसरा सराव करा. पुढच्या तारखा कागदाने झाका आणि प्रत्येक राजधानीपुढे त्या दिवशी कोणते पर्याय होते ते लिहा. मगच कागद खाली सरकवा. २८ जुलैची ओळ या दृष्टीने विलक्षण आहे. नॉर्वेच्या सागरसफरीवरून नुकतेच परतलेले जर्मनीचे सम्राट, कैसर विल्हेल्म, यांनी सर्बियाचे उत्तर त्या दिवशी सकाळी वाचले आणि आता युद्धाचे कारण उरले नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारले. तेही ऑस्ट्रियाचे सेनाप्रमुख कॉन्राड यांच्या सांगण्याप्रमाणे चढाईला १२ ऑगस्टपर्यंतचा अवधी लागणार असताना! कैसरच्या शेऱ्याचे पुढे काय झाले, तो व्हिएन्नाला कधी आणि कोणत्या शब्दांत कळवला गेला, हे तुम्ही स्वतः शोधा. बर्लिनमध्ये खरोखर निर्णय कोण घेत होते, हे त्या शोधातच कळेल.

जमवाजमव, म्हणजे मोबिलायझेशन, हा शब्दही नीट समजून घ्या. रशियात जमवाजमव झाली तरी सैन्य सरहद्दीच्या आत आठवडेच्या आठवडे थांबू शकत होते. जर्मनीच्या योजनेत मात्र जमवाजमव सुरू होताच बेल्जियममधल्या लिएजवर चालून जाणे आलेच. म्हणून ‘सगळ्यांनीच जमवाजमव केली’ असे म्हणून सगळ्यांना एका तराजूत तोलू नका. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहील अशी चुकीची आशा निर्माण झाली, तेव्हा कैसरने सारे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे उत्तर दिले. लाखो माणसांच्या रेल्वेगाड्यांचे वेळापत्रक वर्षभर आधी बांधलेले होते.

फसगत कुठे होते: रशिया आणि सर्बिया तेव्हा जुने ज्युलियन पंचांग वापरत. ते १३ दिवस मागे होते. सर्बियन कागदावर सारायेवोची तारीख १५ जून दिसते आणि रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला होते. तारेच्या (टेलिग्रामच्या) बाबतीत आणखी एक काळजी घ्या. ती कधी पाठवली, कधी पोहोचली आणि सांकेतिक लिपी उलगडून मंत्र्याच्या हातात कधी पडली, या तीन वेगळ्या वेळा असतात. त्यांत कित्येक तासांचे अंतर पडू शकते आणि त्या आठवड्यात तासांना फार किंमत होती.

## ४. कागद कोणी छापला, ते आधी पाहा

युद्ध सुरू होताच सरकारांनी आपापली कागदपत्रे पुस्तकरूपाने छापली. जर्मनीचे श्वेत, ब्रिटनचे निळे, रशियाचे नारिंगी, फ्रान्सचे पिवळे, ऑस्ट्रियाचे लाल. आपण निर्दोष आहोत हे जगाला पटवणे हा सगळ्यांचा हेतू. त्यामुळे सोयीचे तेवढे घेतले गेले आणि काही ठिकाणी मजकुरातही फेरफार झाला. ही पुस्तके वाचा, पण प्रचारसाहित्य म्हणून वाचा.

१९१७ मध्ये क्रांती करून सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी झारच्या, म्हणजे रशियाच्या सम्राटाच्या, दप्तरातले गुप्त करार उघड केले. पुढे जर्मनीने १९२२ ते १९२७ या काळात युद्धपूर्व परराष्ट्र कागदपत्रांचे ४० खंड काढले. हा खजिना मोलाचा आहे, पण त्यामागे युद्धानंतरच्या व्हर्साय तहात जर्मनीवर जबाबदारी टाकणाऱ्या कलमाला उत्तर देण्याची इच्छा होती, हे ध्यानात ठेवा.

इतिहासकारांचेही तसेच. १९६१ मध्ये जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांवर मुख्य जबाबदारी टाकली आणि त्यांच्याच देशात मोठे वादळ उठले. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी जबाबदारी अनेक राजधान्यांत विभागून दाखवली. माझा सल्ला असा, की दोन परस्परविरोधी इतिहासकारांचा एकाच आठवड्यावरचा मजकूर शेजारी ठेवून वाचा, उदाहरणार्थ २४ ते ३० जुलै. कोण कोणत्या कागदाला वजन देतो, ते लगेच उघड होते. आत्मचरित्रे सर्वांत शेवटी. युद्धानंतर लिहायला बसलेल्या प्रत्येक मंत्र्याला स्वतःचा बचाव करायचा होता.

## ५. युद्धाचा क्रम: आघाड्या सुट्या करा, मग वर्षाने जोडा

लढाया सरळ तारखेने वाचल्या तर डोके गरगरते. आधी प्रत्येक आघाडी वेगळी वाचा: पश्चिम, पूर्व, बाल्कन, इटली, ऑटोमन साम्राज्याच्या आघाड्या (गॅलिपोली, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, पॅलेस्टाइन, कॉकेशस), आफ्रिका आणि समुद्र. नंतर एकेक वर्ष घेऊन आडवे जोडा.

जोडण्याचा सराव १९१६ वर करा. डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या शांतीयी इथे दोस्त राष्ट्रांनी (फ्रान्स, ब्रिटन, रशिया, इटली) पुढच्या वर्षी सर्व आघाड्यांवर एकदम चढाई करायचे ठरवले. जर्मनीने २१ फेब्रुवारीला फ्रान्समधल्या व्हर्दंवर आधीच हल्ला केला. फ्रेंच सैन्य तिथे अडकले, त्यामुळे १ जुलैला सुरू झालेल्या, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या चढाईचा मुख्य भार ब्रिटिशांवर आला. मे महिन्यात ऑस्ट्रियाने इटलीवर जोर लावला, इटलीने मदत मागितली आणि जूनमध्ये रशियाच्या ब्रुसिलोव्ह यांनी पूर्वेला ऑस्ट्रियाची फळी फोडली. व्हर्दं, सोम आणि ब्रुसिलोव्हची चढाई स्वतंत्र प्रकरणांत वाचणाऱ्याला हा संबंध कधीच दिसत नाही.

पश्चिम आघाडीची कोंडी समजायला तोफा, काटेरी तारा आणि मशिनगन यांच्या जोडीला रेल्वेचा विचार करा. बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येई. हल्ला करणारा तोफांनी उखडलेल्या चिखलातून पायी पुढे जाई. खिंडार पडले तरी ते रुंद करण्याआधीच बुजवले जाई. १९१८ पर्यंत दोन्ही बाजूंनी लढण्याची पद्धत आमूलाग्र बदलली होती: पायदळापुढे सरकत जाणारा तोफांचा मारा, आवाजावरून शत्रूची तोफ हुडकणे, रणगाडे, विमाने. ‘चार वर्षे सेनापती काहीच शिकले नाहीत’ हे मत घेऊन ८ ऑगस्ट १९१८ ची आमिएंची लढाई वाचलीत, तर ती समजणार नाही.

या युद्धाला जागतिक का म्हणायचे, तेही याच पायरीवर पाहा. १९१४ च्या नोव्हेंबरात जपानने चीनमधला जर्मनांचा त्सिंगताओ तळ घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे सागरपार गेली. मार्च १९१५ च्या नव्ह शापेलच्या लढाईत हिंदी सैन्याचा मोठा वाटा होता. मेसोपोटेमियात सहावी पूना डिव्हिजन कूत इथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीस येऊन शरण गेली. तीत मराठा पलटणी होत्या. फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी धाडलेली पत्रे लष्करी सेन्सॉर वाचत असे आणि त्यांतल्या उताऱ्यांची भाषांतरे त्याच्या अहवालांत जपली गेली आहेत. ती अवश्य वाचा. सेनापतींच्या नकाशांवरून जे कळत नाही ते त्यांत आहे. फक्त, आपले पत्र तिसरा कोणी वाचतो आहे हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते, हे विसरू नका.

रणांगणाबाहेरचा हिशोबही मांडा. ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी, १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत झालेली अन्नटंचाई, १ फेब्रुवारी १९१७ पासूनचे जर्मनीचे अनिर्बंध पाणबुडी युद्ध आणि त्यापाठोपाठ ६ एप्रिलला अमेरिकेचे युद्धात उतरणे, ही एकाच धाग्यात ओवलेली घडामोड आहे.

## ६. आकडा लिहिण्यापूर्वी

सोमच्या पहिल्या दिवशी ब्रिटिशांची हानी ५७,४७० होती. हा आकडा अनेकदा ‘मृत’ म्हणून लिहिलेला आढळतो. प्रत्यक्षात मृत १९,२४० होते. बाकीचे जखमी, बेपत्ता किंवा पकडले गेलेले. प्रत्येक आकड्यापुढे तो मृतांचा आहे की एकूण हानीचा, किती दिवसांचा आहे आणि कोणी मोजला आहे, हे टिपा. प्रत्येक सैन्याची मोजण्याची रीत वेगळी होती, म्हणून दोन देशांचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचे बळी वेगळे धरा.

## ७. युद्ध ११ नोव्हेंबरला सगळीकडे संपले नाही

बल्गेरियाची शस्त्रसंधी २९ सप्टेंबर १९१८, ऑटोमन साम्राज्याची ३० ऑक्टोबर, ऑस्ट्रिया-हंगेरीची ३ नोव्हेंबर, जर्मनीची ११ नोव्हेंबर. पूर्व आफ्रिकेतले जर्मन सैन्य २५ नोव्हेंबरला शरण आले. रशिया मार्च १९१८ मध्येच ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करून बाहेर पडला होता, पण तिथली यादवी पुढे चालूच राहिली. शस्त्रसंधी म्हणजे तह नाही. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा, आणि तुर्कस्तानचा प्रश्न लोझानच्या तहाने १९२३ मध्ये मिटला.

व्हर्साय तहाचे २३१ वे कलम स्वतः वाचा, ते एकाच वाक्याचे आहे. त्यात नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली आहे आणि अशाच आशयाचे कलम ऑस्ट्रिया व हंगेरीबरोबरच्या तहांतही आहे. तिथून थेट १९३९ वर उडी मारू नका. मधल्या वीस वर्षांत १९२९ ची मंदी आहे आणि पुन्हा माणसांनी घेतलेले निर्णय आहेत.

## ८. लिहून पाहा

वाचन कितीही झाले तरी लिहिल्याशिवाय घडी बसत नाही. ‘महायुद्धाला जबाबदार कोण?’ हा प्रश्न पहिल्या लिखाणासाठी फार मोठा आहे. लहान प्रश्न घ्या. खलिता पाठवायला व्हिएन्नाला चार आठवडे का लागले? झारने २९ जुलैला सर्व सैन्याच्या जमवाजमवीची मान्यता त्याच रात्री मागे घेतली आणि ३० ला पुन्हा दिली, ती कशामुळे? ब्रिटिश मंत्रिमंडळात १ ते ४ ऑगस्टदरम्यान काय बदलले?

यांतला एक निवडा आणि तिसऱ्या पायरीत केलेला तक्ता समोर ठेवून दोन पाने लिहा. प्रत्येक विधानाशेजारी समासात तारीख आणि कागद नोंदवा. ज्या विधानाला कागद सापडत नाही त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि पुढच्या वाचनाची सुरुवात त्या रेघांपासून करा.